अब्बांच्या जीपचा बंपर

७ मे २०२४ चं मतदान पार पडलं, निवडणुकीच्या ड्युटीतून सुटका झाली आणि दुसऱ्याच दिवशी भाच्याने आठवण करून दिली, "फुफी, जूनमध्ये जीपच्या पासिंगची मुदत संपते. बंपर तसाच ठेवून गेलो तर परत पाठवतील."

जीप आमच्या मरहूम अब्बांची. महिंद्राची एमएम ५४०, प्यूजोचं डिझेल इंजिन, जून १९९४ ची नोंदणी. खासगी गाडीची पहिली नोंदणी 15 वर्षं चालते आणि त्यानंतर दर 5 वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. २००९, २०१४, २०१९ या तिन्ही वेळा अब्बा स्वतः गेले. २०२२ मध्ये ते अल्लाहला प्यारे झाले. भाऊ कुवेतला. त्यामुळे ही चौथी खेप माझ्या आणि भाच्याच्या वाट्याला आली.

ही गाडी घरात कशी आली, तेही सांगते. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं तेव्हा अब्बा तिथेच कामाला होते. अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी जे लाखाहून जास्त हिंदुस्थानी परत आणले गेले, त्यांत तेही एक. हातात एक पिशवी आणि अंगावरचे कपडे एवढंच घेऊन ते म्हसळा तालुक्यातल्या आमच्या गावी पोचले. चार वर्षं इकडेतिकडे कामं केली आणि मग अम्मीच्या बांगड्या मोडून, थोडं कर्ज काढून ही जीप घेतली. गावात तेव्हा दुसरी चारचाकी नव्हती. आंब्याच्या पेट्या, लग्नातली भांडी, रात्री-अपरात्री अडलेली बाळंतीण, माणगावच्या दवाखान्यात न्यायचा सापाने चावलेला माणूस, सगळं याच गाडीतून गेलं.

बंपरची हालत मात्र वाईट होती. समुद्राकडची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. बाहेरून काळा रंग दिसायचा, आतून पत्रा पोखरला होता. जुन्या जीपचा पुढचा बंपर म्हणजे काही मोठी रचना नाही. इंग्रजी सी अक्षरासारखी दुमडलेली पोलादी पट्टी, चासीच्या दोन पुढे आलेल्या टोकांना बोल्टने कसलेली. त्या सीच्या पोटात चिखल बसतो, पाणी मुरतं आणि गंज आतून खात जातो. शिवाय डावा कोपरा पुढे ओढल्यासारखा वाकलेला होता. तो निसर्ग वादळातला. ३ जून २०२० ला वादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकलं, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, रस्ते झाडांनी बंद झाले. अब्बा तेव्हा सत्तरीचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बंपरला साखळी बांधली आणि गावापासून मोठ्या रस्त्यापर्यंतची पडलेली झाडं मागे घेत घेत ओढून काढली. बंपर वाकला, पण संध्याकाळपर्यंत रुग्णवाहिका गावात येऊ शकेल एवढी वाट मोकळी झाली.

काम पनवेललाच करायचं ठरलं. आमच्याकडे गॅरेजवाले आहेत, पण लोखंडाचं असं काम असलं की म्हसळा, श्रीवर्धन, रोहा, सगळीकडचे लोक पनवेलचंच नाव घेतात. शिवाय खाला तिथे राहते, मुक्कामाची सोय होती. येताना पेणला गाडी दाखवायची, असा बेत.

पहाटे फजरची नमाज पढून निघालो. म्हसळ्याहून माणगाव, तिथून मुंबई–गोवा रस्ता धरला. कोलाड, नागोठणे, वडखळ, पेण. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं रुंदीकरण २०११ पासून सुरू झालं आणि मुलं पहिलीतून बारावीला पोचली तरी ते काम लोकांच्या बोलण्यातून गेलेलं नाही. भाचा गाडी चालवत होता. शेजारून ट्रेलर गेला की आमची जीप कागदासारखी हलायची. तो म्हणाला, "बघितलंस? या रस्त्यावर आपली काय गत? पुढे दणकट गार्ड हवा, फुफी. दोन पाइपांचा, वर लाइट लावायला जागा असलेला. समोरच्याला दिसलं पाहिजे."

खरं सांगते, मला ते पटलं. भावाचा एकुलता एक मुलगा, एकविसाव्या वर्षात. तो रोज हीच गाडी घेऊन माणगावला डिप्लोमाला जाणार. त्याच्या आणि ट्रेलरच्या मध्ये जेवढं लोखंड असेल तेवढं चांगलं, असंच माझ्या मनात आलं. गार्डचे जास्तीचे पैसे मी देईन, हेही कबूल करून टाकलं.

कर्नाळ्याच्या खिंडीत किल्ल्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसला. लहानपणी तो दिसला की अब्बा म्हणायचे, आलं पनवेल. पुढे पळस्पे फाटा आणि गाड्यांची रीघ.

पनवेल आज उड्डाणपूल आणि टॉवरांचं शहर दिसतं. २०१६ मध्ये इथे महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिली. पण या गावाचा धंदा मुळात रस्त्याचा. पूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेलच्या बंदरात उतरायचा आणि इथून घाटाची वाट धरायचा. १८३० मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला तेव्हा घाटावरच्या बैलगाड्या थेट या बंदरावर येऊ लागल्या. १८५२ मध्ये इथे नगरपालिका झाली, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी गेली ती कल्याण–कर्जतकडून, पनवेलला बाजूला ठेवून. तरी एक धंदा टिकून राहिला, गाडीची चाकं बनवण्याचा. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरात पनवेलची ओळख म्हणून तो नोंदलेला आहे. घाटावरून माल घेऊन आलेला गाडीवान परतताना इथून नव्या चाकांची जोडी घेऊन जायचा. म्हणजे आम्ही जीप घेऊन आलो, त्यात नवं काही नव्हतं. थकलेली गाडी पनवेलला आणायची आणि धड करून न्यायची, ही दीडशे वर्षांहून जुनी रीत.

मिस्त्रींचं गॅरेज जुन्या बंदराच्या बाजूला एका गल्लीत. साठी ओलांडलेला माणूस, हाताला कायम ग्रीसचा वास. त्यांचे आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवायचे, वडील टांग्यांचं आणि मग ट्रकांचं काम करायचे. सलाम-दुआ झाली. अब्बा गेल्याचं त्यांना कळलं नव्हतं. इन्ना लिल्लाह म्हणून ते थोडा वेळ बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग भाच्याने गार्डचं सांगितलं. ते "बघू" एवढंच म्हणाले आणि जुन्या बंपरच्या बोल्टांवर तेल सोडलं. "आज नाही निघायचे. रात्रभर तेल पिऊ दे त्यांना."

संध्याकाळी भाच्याने मला कळंबोलीला नेलं. मुंबईच्या गर्दीतला लोखंडाचा व्यापार बाहेर काढण्यासाठी सिडकोने इथे लोखंड बाजार वसवला. पत्र्यांच्या चळती, चॅनेल, अँगल, पाइप, नजर पोचेल तिथवर. इथे वजनाशिवाय बोलणंच नाही. मापाचं गणित एका दुकानदाराने मला तोंडी सांगितलं आणि शिकवणारीला ते आवडलं. 1 मिलिमीटर जाडीचा, 1 चौरस मीटर पोलादी पत्रा म्हणजे 7.85 किलो. 4 मिलिमीटरचा घेतला तर सुमारे 31 किलो. आपला बंपर 1 मीटर 40 सेंटिमीटर लांब आणि उलगडला तर 25 सेंटिमीटर रुंद. म्हणजे चौरस मीटरचा साधारण तिसरा हिस्सा, 11 किलो. पाचवीच्या मुलालाही सुटेल असं उदाहरण.

पुढच्या एका वेल्डिंगच्या दुकानात भाच्याला हवा तसा गार्ड तयार मिळाला. काळाभोर, दोन आडवे पाइप, मध्ये जाड पत्रा. काट्यावर 46 किलो. दुकानदार म्हणाला, पसंत नाही पडला तर उद्या परत आणा. आम्ही टेम्पोत टाकून आणला.

सकाळी मिस्त्रींनी ग्राइंडर लावला. चारपैकी दोन बोल्ट तेलाने सुटले, दोन कापावे लागले. जुना बंपर खाली पडला तेव्हा त्याच्या पोटातून वाटीभर लाल माती आणि गंजाचे पापुद्रे निघाले. नव्याकडे वळण्याआधी त्यांनी चासीची दोन्ही टोकं तारेच्या ब्रशने घासली आणि हातोडीने हळूहळू ठोकत गेले. चांगलं लोखंड वाजतं, कुजलेलं बसका आवाज देतं. डाव्या टोकाला, बोल्टच्या भोकाजवळ, केसाएवढी चीर सापडली.

"ही तुमच्या वादळाची," ते म्हणाले. "मोठ्या मियांनी साखळी बंपरला बांधली. ओढायचं असेल तर चासीला हूक हवा. बंपर ओढण्यासाठी नसतो. तो वाकला आणि थोडा जोर इथे आला. आता यावर 46 किलो टांगा. खड्ड्याखड्ड्याला ही चीर उघडत जाईल, वरून काही दिसणार नाही."

चिरीच्या दोन्ही टोकांना त्यांनी बारीक भोक पाडलं, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग ती घासून खोल केली, वेल्डिंगने भरली आणि आतून पट्टीचा जोड दिला. दुपारी गार करायला सोडून म्हणाले, "आता तुमचा गार्ड लावून बघू. मी नाही म्हणणार नाही. तुम्हीच बघा."

दोघांनी उचलून गार्ड तात्पुरता कसला. दिसायला गाडी जबरदस्त दिसत होती, भाच्याने लगेच फोटो काढला. मिस्त्रींनी आधी आणि नंतर मडगार्डची जमिनीपासून उंची मोजली होती. पुढचा भाग बोटभर खाली बसला. 30 वर्षांचे पाटे, त्यांत मागचा जोर उरलेला नाही. वजन चाकांच्या पुढे टांगलेलं, त्यामुळे पुढच्या पाट्यांवर ते आपल्या वजनापेक्षा जास्त भार टाकतं आणि मागची चाकं तेवढीच हलकी करतं, झुल्यातल्या फळीसारखं. ओल्या घाटरस्त्यावर ते बरं नाही. मी मनात हिशेब केला. नवा साधा बंपर 11 किलो, हा 46. फरक 35 किलोचा. आमच्या सातवीतला एक मुलगा बोनेटच्या पुढे कायमचा बसवून फिरायचं. वरचा पाइप हेडलाइटसमोरून जात होता, उजेडात आडवी सावली पडणार होती. तरी भाचा म्हणाला, पाटे बदलू, लाइट वर घेऊ. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे उत्तर होतं, आणि माझा जीव अजून त्याच्याच बाजूला होता.

तेवढ्यात मिस्त्रींचा नातू जेवायला बोलवायला आला. सहा वर्षांचा असेल. नवी वस्तू बघून तो जीपसमोर येऊन उभा राहिला. वरचा पाइप बरोबर त्याच्या नाकासमोर होता.

आम्ही शिक्षक दरवर्षी मुलांची उंची मोजतो. आरोग्याच्या रजिस्टरमध्ये ती माझ्याच अक्षरात आहे. पहिलीतली बहुतेक मुलं 105 ते 115 सेंटिमीटर. मी मिस्त्रींकडून टेप घेतला. वरचा पाइप जमिनीपासून 108 सेंटिमीटरवर. खालचा 80 वर, म्हणजे याच मुलाच्या छातीशी. टेप हातात धरून मी काही बोलले नाही.

भाचा म्हणाला, "फुफी, मी काय मुलांना ठोकायला निघालोय?"

"अब्बा निघाले होते का?"

तो गप्प झाला, कारण गोष्ट त्याला माहीत होती. १९९८ मध्ये मदरशाच्या वळणावर एक मुलगी सुटलेल्या बकरीच्या मागे धावत रस्त्यावर आली. जीप सावकाश होती, अब्बांनी ब्रेकही दाबला, तरी धक्का लागलाच. धक्का लागला तो मांडीला, कारण साधा बंपर तेवढ्याच उंचीवर असतो. मांडीचं हाड मोडलं. याच जीपमध्ये घालून अब्बा तिला माणगावला आणि तिथून मुंबईला घेऊन गेले, तीन महिने दर जुम्म्याला तिच्या घरी जाऊन बसत. आज ती दोन मुलांची आई आहे. धाकट्याला आमच्याच शाळेत सोडायला येते, जरा लंगडत. त्या दिवशी या गाडीपुढे हा पाइप असता, तर धक्का मांडीला लागून थांबला नसता. एवढ्या बारीक पाइपवर सगळा जोर एकवटतो, आणि तो बाळाच्या डोक्याच्या उंचीवर असतो. याला गाडी जोरात असावी लागत नाही.

बंपर कोणासाठी असतो, हा प्रश्न मी तोवर एकाच बाजूने सोडवत होते. गाडीच्या आत बसलेल्याच्या बाजूने. बाहेर उभ्या असलेल्याची उंची मी हिशेबात घेतलीच नव्हती, आणि ती उंची लिहून ठेवणं तर माझंच काम.

आत बसलेल्याचाही फायदा आपण समजतो तेवढा नसतो. बंपरने वाकावं, यासाठीच तो असतो. तो वाकतो तेव्हा धक्क्याचा काही भाग खातो. न वाकणारं लोखंड तोच धक्का सरळ चासीला आणि चासीतून माणसाच्या मानेला देतं. नव्या मोटारींत तर पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवतात, आणि हवेची पिशवी केव्हा फुगवायची हे ठरवणारे संवेदक त्याच हिशेबाने बसवलेले असतात. पुढे बाहेरचा गार्ड लावला की तो हिशेब चुकू शकतो. आमच्या जीपला पिशवी नाही आणि चुरगळणारं काही नाही. तिच्याकडे आहे तो एवढाच, एक वाकणारा बंपर.

कायदाही याच बाजूला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून गाड्यांवरच्या अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं. आधार मोटार वाहन कायद्याचं कलम 52, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल न करण्याचं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ लावताना मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही, असंच म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. कुजलेला बंपर काढून तसाच दुसरा बसवणं म्हणजे दुरुस्ती. गार्ड चढवणं म्हणजे बदल. रस्त्यावर दहा गाड्यांना तो दिसतो, म्हणून तो कायदेशीर ठरत नाही.

गार्ड संध्याकाळी परत गेला. भाचा खुश नव्हता. खालाकडे त्या रात्री तो जेवताना फारसा बोलला नाही. खालाने त्याला दोन घावन जास्त वाढले, तेवढाच फरक पडला.

दुसऱ्या दिवशी मात्र तो स्वतःहून मिस्त्रींच्या हाताशी उभा राहिला, आणि मग मला कळलं की सुधारणा करण्यासारखं साध्या बंपरमध्येही पुष्कळ असतं. ज्या घरांत अशी जुनी जीप आहे त्यांच्यासाठी ते सांगून ठेवते.

पत्रा 4 मिलिमीटरचा, जुन्याच मापाने दुमडून घेतला. दोन्ही टोकं तासून गोल केली आणि आत वळवली, म्हणजे जाता जाता कोणाच्या कपड्यात किंवा सायकलीत अडकणार नाहीत. सीच्या खालच्या बाजूला चार भोकं पाडली, पाणी आणि चिखल तिथून उतरतो. जुना बंपर कुजला तो पाणी अडून, पत्रा पातळ होता म्हणून नव्हे. आतून-बाहेरून रेडऑक्साइडचे दोन हात आणि वर काळा रंग. आतल्या बाजूचा रंग दिसत नाही म्हणून कारागीर तो सोडून देतात, तो उभं राहून करून घ्यायचा.

बंपर चासीला वेल्डिंग करायचा नाही. कोणी पटकन होतं म्हणून तसं सुचवलं तरी नाही. त्या उष्णतेने चासीचं टोक कमजोर होतं, आणि पुढे ठोकर लागली तर बदलायची सोयच राहत नाही. नवे जाड बोल्ट, दोन्हीकडे वॉशर, आणि आपोआप सैल न होणारे नट. महिनाभराने पाना लावून एकदा पुन्हा कसायचे.

ओढण्याचे हूक वेगळे. पुढे दोन, थेट चासीला बोल्टने कसलेले, बंपरच्या रेषेच्या बाहेर न येणारे. पुन्हा वादळ आलं, झाड पडलं, तर साखळी तिथे बांधायची. मागच्या बाजूला या जीपला अखंड बंपर नसतो, दोन कोपऱ्यांना दोन छोटे तुकडे असतात. त्यांतला एक सडला होता, तोही नवा केला आणि दोन्हींवर लाल रिफ्लेक्टर लावले. रात्री मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला आपण दिसायला हवं, ही भाच्याची मूळ काळजी खरीच होती. तिचं उत्तर पुढच्या लोखंडात नव्हतं, मागच्या दोन लाल तुकड्यांत होतं. ते लावताना त्याचा चेहरा जरा मोकळा झाला.

जुना बंपर मिस्त्रींनी भंगारच्या काट्यावर ठेवला. 7 किलो भरला. कुजून गेलेलं लोखंड कुठे गेलं, तर थोडं थोडं करून म्हसळा ते माणगावच्या रस्त्यावर. त्यांनी विचारलं, न्यायचा आहे का. मी नको म्हणाले. मग भाचाच म्हणाला, वाकलेला कोपरा कापून द्या. वीतभर तुकडा त्याने सीटखाली ठेवला.

निघण्यापूर्वी चहा घेताना मिस्त्रींनी जीपची एक गोष्ट सांगितली, ती आपल्या वाचकांना आवडेल. या कंपनीचं १९४५ मधलं पहिलं नाव महिंद्रा अँड मोहम्मद. महिंद्रा बंधूंचे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून अमेरिकन विलीज जीप उभ्या राहू लागल्या, आणि त्याच घराण्यातली ही आमची ५४०. "नावातला मोहम्मद गेला," मिस्त्री हसून म्हणाले, "पण पान्याला धरणारे हात बघा, कितीतरी आपलेच आहेत. नाव लोखंडावर नसतं, टीचर. काम असतं."

परतताना पेणला गाडी दाखवली. तपासणाऱ्या साहेबांनी लाइट, ब्रेक, चासी नंबर बघितला, बंपरच्या टोकावरून हात फिरवला आणि पुढे गेले. नोंदणी 5 वर्षांनी वाढली. २०२९ पर्यंत अब्बांची जीप रस्त्यावर राहील, इन्शाअल्लाह.

आपल्या हुजूर सल्ललाहू अलैहि वसल्लम यांनी रस्त्यातली त्रास देणारी वस्तू बाजूला करणं ही ईमानची एक शाखा म्हटली आहे. चौथीच्या मुलांना मी ते शिकवते, आणि मुलं शाळेच्या वाटेवरचे काटे, काचा गोळा करून दाखवतात. वादळानंतर अब्बांनी तेच केलं होतं, जरा मोठ्या मापात. आणि मी, त्यांची लेक, त्यांच्याच गाडीच्या तोंडावर 46 किलोची तशी एक वस्तू पैसे मोजून लावायला निघाले होते, आपल्या मुलाच्या मायेपोटी. माया खोटी नव्हती. तिने फक्त समोर उभ्या असलेल्या मुलाची उंची मोजली नव्हती.

गावात शिरताना मदरशाचं वळण आलं. कोणीही रस्त्यावर नव्हतं. भाच्याने तरी गाडी पहिल्या गिअरवर घेतली, अब्बा घ्यायचे तशी, आणि वळण संपेपर्यंत तशीच ठेवली.